डाळिंबावरील तेल्या आणि शिवाराची जबाबदारी : कृषी आयुक्तांस खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : डाळिंबावरील तेल्या रोगाची ओळख, त्याचे व्यवस्थापन आणि त्यासाठी लागणारी गावपातळीवरील व्यवस्था

महोदय,

देशातील डाळिंबाचे सर्वाधिक क्षेत्र महाराष्ट्रात आहे आणि त्यातील मोठा वाटा सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत, मालेगाव, सटाणा, देवळा यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांचा आहे. 1990 साली फळबाग लागवडीची योजना रोजगार हमीशी जोडली गेल्यानंतर या भागातील शेतकऱ्यांनी हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंब उभे केले, ठिबकावर जगवले आणि पुढे भगवा या वाणाच्या लाल दाण्यांच्या बळावर परदेशी बाजारपेठही मिळवली. त्याच पट्ट्यात या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या या जिवाणूजन्य रोगाची साथ पसरली, अनेक गावांत उभ्या बागा कुऱ्हाडीने तोडाव्या लागल्या, आणि त्यानंतर आजतागायत हा रोग पावसाळी हंगामात दरवर्षी कमीअधिक प्रमाणात परत येत राहिला आहे. सोलापूर येथे 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना झाली, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही या पिकावर दीर्घकाळ काम केले, आणि रोगाविषयी आवश्यक ते बहुतेक ज्ञान आज उपलब्ध आहे. तरीही तेल्या आटोक्यात येत नाही, याचे प्रमुख कारण असे की ज्या रोगाचा प्रसार रोपांतून, पावसाच्या थेंबांतून आणि छाटणीच्या कात्रीतून एका बांधावरून दुसऱ्या बांधावर होतो, त्याचे व्यवस्थापन मात्र प्रत्येक शेतकऱ्याने आपापल्या बागेत, आपापल्या फवारणी पंपाने करावे अशी अपेक्षा धरली जाते. ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही, आणि ती बदलण्याचा अधिकार व यंत्रणा दोन्ही कृषी आयुक्तालयाकडे असल्यामुळे हे पत्र आपल्याला उद्देशून आहे.

या रोगाची पहिली नोंद 1952 साली दिल्ली परिसरात झाली. त्याला कारणीभूत असलेल्या जिवाणूचे आजचे शास्त्रीय नाव झॅन्थोमोनास सिट्री पॅथोव्हार प्युनिसी असे आहे. पॅथोव्हार म्हणजे एकाच जातीच्या जिवाणूंमधील असा गट, जो ठरावीक पिकावरच रोग निर्माण करतो. याच जातीचा दुसरा गट कागदी लिंबावर खैऱ्या रोग निर्माण करतो, आणि त्यामुळे विदर्भातील लिंबू उत्पादकाला जो शत्रू परिचित आहे, त्याचाच निकटचा नातलग सोलापूर-नाशिकच्या डाळिंबावर वास्तव्य करतो असे म्हणता येईल. हा जिवाणू आकाराने इतका लहान असतो की पानाच्या पृष्ठभागावरील पर्णरंध्रांमधून, म्हणजे ज्या सूक्ष्म छिद्रांतून पान श्वसन व बाष्पोत्सर्जन करते त्यांमधून, तो सहज आत शिरतो. वाऱ्याने घासलेल्या फांद्या, काट्यांचे ओरखडे, किडींनी केलेल्या जखमा आणि छाटणीचे काप हे त्याचे इतर प्रवेशमार्ग होत. आत शिरल्यावर तो पेशींच्या मधल्या पोकळीत वाढतो आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो. या स्थितीत पृष्ठभागावर फवारलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तेल्यावरील फवारण्या प्रामुख्याने प्रतिबंधक का असतात आणि डाग दिसू लागल्यावर केलेल्या फवारणीतून अपेक्षित परिणाम का मिळत नाही, याचे उत्तर जिवाणूच्या या राहणीत आहे.

रोगाची ओळख पटवणे हा व्यवस्थापनाचा पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पानावर सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढे, पाणी मुरल्यासारखे डाग पडतात. पान सूर्याकडे धरून पाहिले असता हे डाग अर्धपारदर्शक दिसतात आणि त्यांवर तेल सांडल्यासारखी चकाकी असते. पुढे डाग तपकिरी ते काळसर होतात, त्यांच्याभोवती पिवळे वलय तयार होते, अनेक डाग एकमेकांत मिसळतात आणि पान गळून पडते. खोडावर व फांद्यांवर, विशेषतः पेरांजवळ, काळसर डाग पडून ते फांदीभोवती गोलाकार वाढतात, साल तडकते आणि त्या ठिकाणी फांदी मोडते. फळावर दिसणारे लक्षण सर्वांत ठळक असते : सालीवर तेलकट, किंचित उंचावलेले काळे डाग येतात आणि त्या डागांतून इंग्रजी एल किंवा वाय या अक्षरांच्या आकाराच्या चिरा पडतात. चिरांची खोली वाढली की फळ उकलते, त्यात बुरशी व किडी शिरतात, आणि दाणे चांगले असले तरी बाजारात त्या फळाला कोणी हात लावत नाही.

ही लक्षणे कागदावर स्पष्ट असली तरी बागेत त्यांची इतर विकारांशी सहज गल्लत होते. सरकोस्पोरा बुरशीचे ठिपके, कोलेटोट्रायकम बुरशीमुळे होणारा करपा, खवल्यांसारखा खरबरीत थर आणणारा खरड्या म्हणजेच स्कॅब, फुलकिड्यांनी खरवडलेली साल आणि पश्चिमेच्या उन्हाने भाजलेली फळाची बाजू या साऱ्यांना गावात सरसकट "डाग" म्हटले जाते, आणि त्यांवर औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने एकाच टाकीत बुरशीनाशक, कीटकनाशक व प्रतिजैविक एकत्र करून फवारले जाते. यात खर्च दुप्पट-तिप्पट होतो, झाडावर अनावश्यक भार पडतो आणि मूळ कारण तसेच राहते. वास्तविक जिवाणूजन्य डाग ओळखण्याची एक साधी कसोटी उपलब्ध आहे : ताज्या डागाच्या कडेचा बारीक तुकडा स्वच्छ पात्याने कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तर कापाच्या कडेतून जिवाणूंचा दुधाळ प्रवाह पाण्यात ओघळताना दिसतो, तर बुरशीच्या डागातून असा प्रवाह निघत नाही. ही तपासणी काही मिनिटांत होते, तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि डाळिंबाच्या प्रत्येक तालुक्यात कृषी कार्यालयात एक सूक्ष्मदर्शक व तो हाताळण्याचे प्रशिक्षण मिळालेला एक कर्मचारी ठेवणे आयुक्तालयाला अवघड नाही. ज्या शेतकऱ्याला आपल्या बागेतील डाग कशाचे आहेत हे निश्चित कळते, त्याच्या निम्म्या फवारण्या आपोआप थांबतात. तेल्यासाठी केल्या जाणाऱ्या खर्चात याहून स्वस्त आणि उपयुक्त खर्च शोधून सापडणार नाही.

रोगाचा प्रसार हवामानाशी घट्ट जोडलेला आहे. तीस अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान, हवेतील वाढलेली आर्द्रता आणि अधूनमधून येणारा पाऊस ही जिवाणूसाठी सर्वांत अनुकूल परिस्थिती होय, आणि वाऱ्यासह येणारा पाऊस तर रोगट पानांवरील जिवाणू उडणाऱ्या तुषारांतून शेजारच्या झाडांवर व बागांवर नेऊन टाकतो. कोरडे, थंड हवामान आले की नवे डाग थांबतात, परंतु जिवाणू नष्ट होत नाही. तो फांद्यांवरील जुन्या व्रणांमध्ये आणि बागेत पडून राहिलेल्या पानांत व फळांत टिकून राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा सक्रिय होतो. म्हणूनच तेल्याच्या व्यवस्थापनात बहाराची निवड हा निर्णय कोणत्याही औषधापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो. बहार म्हणजे झाडाचे पाणी तोडून, पानगळ करून आणि मग पुन्हा पाणी देऊन फुले एकाच वेळी आणण्याची पद्धत. जून-जुलैमध्ये धरल्या जाणाऱ्या मृग बहारात कोवळी पालवी, फुले व लहान फळे नेमकी पावसात सापडतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या आंबे बहारात फळे पोसण्याच्या अखेरच्या टप्प्यात पावसाळा गाठतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहारात मात्र फळांची वाढ हिवाळ्याच्या कोरड्या हवेत होते आणि रोगाची शक्यता सर्वांत कमी राहते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण शेतकरी शिफारस ऐकत नाही अशी तक्रार अनेकदा केली जाते. हस्त बहार धरण्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो, आणि परतीचा पाऊस लांबला तर तो ताण बसत नाही, फुले विरळ येतात आणि एका वर्षाचे उत्पन्न धोक्यात येते. त्याशिवाय फळे पोसण्यासाठी फेब्रुवारी-मार्चपर्यंत विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी शिल्लक असावे लागते. ज्याच्याकडे शेततळे नाही तो शेतकरी पावसाच्या पाण्यावर मृग बहार धरतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. याचा अर्थ असा की शेततळ्यांसाठी दिले जाणारे अनुदान हे डाळिंबाच्या पट्ट्यात रोगनियंत्रणाचेही साधन आहे, आणि आयुक्तालयाने ते त्या दृष्टीने आखावे. एखाद्या गावात दहा शेतकऱ्यांनी हस्त बहार धरला आणि मध्ये दोन बागा मृग बहाराच्या राहिल्या, तर पावसाळाभर त्या दोन बागांत जिवाणू वाढत राहतो आणि परतीच्या पावसाबरोबर इतरांच्या नुकत्याच फुटलेल्या पालवीवर उतरतो. गावाने मिळून एक बहार ठरवला नाही तर एकट्याने घेतलेल्या योग्य निर्णयाचा लाभ अर्धाच पदरात पडतो.

बहारापूर्वीची स्वच्छता हा व्यवस्थापनाचा गाभा आहे, आणि त्यातील प्रत्येक कृतीमागे जिवाणूच्या टिकून राहण्याचे एकेक ठिकाण आहे. फळे काढल्यानंतर झाडाला तीन ते चार महिने विश्रांती द्यावी आणि या काळात शेणखत व खते देऊन झाडात अन्नसाठा होऊ द्यावा, कारण लागोपाठ बहार धरून थकलेले झाड रोगाला लवकर बळी पडते. विश्रांतीनंतर पाण्याचा ताण पूर्ण झाला की छाटणी करावी. रोगट फांदी व्रणाच्या खाली किमान दोन इंच निरोगी भागापर्यंत कापावी आणि कापलेला भाग बागेत किंवा बांधावर न टाकता जाळून नष्ट करावा. पानगळीसाठी ईथ्रेलचा वापर सर्वत्र होतो, पण गळलेली पाने गोळा करण्याकडे कानाडोळा केला जातो, आणि तेथेच बहुतेक मेहनत वाया जाते. ही पाने झाडून, गोळा करून नष्ट केली आणि जमिनीवर ब्लीचिंग पावडरचे द्रावण फवारले तर पुढील बहारासाठी रोगाचा साठा मोठ्या प्रमाणात घटतो. छाटणीनंतर लगेच एक टक्का तीव्रतेचे बोर्डो मिश्रण फवारावे आणि खोडाला दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी.

बोर्डो मिश्रण हे 1885 च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो परिसरात द्राक्षावरील केवडा रोगासाठी मिलार्डे या शास्त्रज्ञाने प्रचारात आणलेले, आजही तितकेच विश्वासार्ह असलेले मिश्रण होय. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चांगला कळीचा चुना प्रत्येकी वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात पाण्यात विरघळवून नंतर एकत्र करावा आणि एकूण पाणी शंभर लिटर करावे. मिश्रणात लोखंडी खिळा किंवा सुरी बुडवल्यावर तिच्यावर तांबूस थर चढला तर त्यात मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजावे आणि थर चढणे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालावी, अन्यथा कोवळी पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. बाजारात बोर्डोच्या तयार पुड्या मिळत असल्या तरी गावात मिळून, ताजे आणि तपासून केलेले मिश्रण स्वस्तही पडते आणि प्रभावीही ठरते. पुढे पावसाच्या काळात कॉपर हायड्रॉक्साइड किंवा कॉपर ऑक्झिक्लोराइड यांच्या फवारण्या आलटून-पालटून घ्याव्यात. नत्राच्या जादा मात्रेने येणारी लुसलुशीत पालवी टाळावी, आणि झाडांत साडेचार बाय तीन मीटर अंतर ठेवून हवा खेळती राहू द्यावी.

प्रतिजैविकांचा प्रश्न मात्र वेगळ्या गांभीर्याने घेतला पाहिजे. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण स्ट्रेप्टोसायक्लिन या नावाने अनेक वर्षे डाळिंबाच्या बागांत फवारले गेले. स्ट्रेप्टोमायसिन हे 1943 साली शोधले गेलेले, क्षयरोगावर परिणामकारक ठरलेले पहिले प्रतिजैविक होय. एकाच औषधाची वारंवार फवारणी झाली की त्याला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात नासपतीवरील फायर ब्लाइट या रोगाच्या जिवाणूत स्ट्रेप्टोमायसिनला प्रतिकार 1971 मध्येच आढळला होता. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने या प्रतिजैविकांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याविषयीचा मसुदा आदेश काढला, त्यामागे मानवी आरोग्याचीच चिंता होती. ही चिंता रास्त आहे. परंतु केवळ बंदीचा मसुदा काढून शेतकऱ्याला मध्येच सोडणे योग्य ठरणार नाही; ज्या गावात स्वच्छता, बहाराचे नियोजन आणि ताम्रयुक्त फवारण्या यांची घडी नीट बसली आहे तेथे प्रतिजैविकांची गरज कमी होते, आणि ती घडी बसवण्याचे काम कृषी विभागाच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी हाती घ्यावे.

रोपांचा विषय सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत कमी बोलला जातो. महाराष्ट्रात डाळिंबाची लागवड बहुतांशी गुटी कलमांनी होते. गुटी म्हणजे झाडावरच फांदीची साल गोलाकार काढून, त्यावर ओले शेवाळ बांधून मुळे फोडून तयार केलेले रोप. मातृवृक्ष रोगट असेल तर त्याच्या प्रत्येक गुटीत जिवाणू असू शकतो आणि वरून निरोगी दिसणारे रोप शेकडो किलोमीटर प्रवास करून नव्या तालुक्यात रोग घेऊन उतरते. तेल्या जिल्ह्यामागून जिल्ह्यात पोहोचण्यात अशा रोपांचा वाटा मोठा होता. राज्यात फळरोपवाटिकांच्या नियमनासाठी 1969 पासून कायदा आहे, परंतु परवाना व नोंदवही यांच्या तपासणीबरोबर मातृवृक्षांच्या जिवाणू तपासणीची सक्ती झाल्याशिवाय त्याचा डाळिंबाला पुरेसा उपयोग होणार नाही. निर्यातीसाठी अनारनेट प्रणालीत बागांची नोंदणी होते आणि फळांतील औषधांचे अवशेष तपासले जातात. ज्या राज्यात परदेशी ग्राहकासाठी प्रत्येक बागेचा माग ठेवता येतो, तेथे शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या रोपाच्या मातृवृक्षाचा माग ठेवणे अशक्य नाही. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे वनस्पतीच्या अगदी लहान भागापासून निर्जंतुक काचपात्रात वाढवलेली रोपे हा चांगला पर्याय आहे, पण त्यांचीही लागवडीपूर्वी तपासणी व्हावी आणि लहान शेतकऱ्याला ती परवडतील अशी किंमत असावी.

छाटणीच्या टोळ्यांकडे विभागाचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही. छाटणीचे कुशल मजूर हंगामात गावोगाव फिरतात, आपल्या कात्र्या सोबत आणतात आणि एका दिवसात शेकडो झाडे छाटतात. कात्रीच्या पात्यावर रोगट व्रणाचा चिकट रस लागला की पुढच्या अनेक झाडांना तो पोहोचतो. प्रत्येक झाडानंतर कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवली तर हा धोका टळतो, आणि दोन कात्र्या आलटून-पालटून वापरल्या तर कामाचा वेगही कमी होत नाही. हे द्रावण लोखंड खाते, त्यामुळे दिवसाअखेरीस कात्र्या पाण्याने धुऊन तेल लावून ठेवाव्यात. या मजुरांना प्रशिक्षण, ओळखपत्र आणि कात्र्यांचा संच विभागाने द्यावा. गावातील बाग निरोगी ठेवण्यात त्यांचा वाटा शेतकऱ्याइतकाच आहे आणि त्यांना तसा मानही मिळावा.

सामूहिक उपायांना मर्यादा असतात, हेही नाकारता येत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात लिंबूवर्गीय फळांवरील याच जातीच्या जिवाणूविरुद्ध 1995 पासून निर्मूलनाची मोहीम राबवण्यात आली, बाधित झाडापासून 1900 फुटांच्या परिघातील निरोगी झाडेही सक्तीने तोडण्यात आली, लोकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि 2004-05 मधील चक्रीवादळांनी रोग सर्वदूर पसरवल्यावर 2006 साली मोहीम सोडून द्यावी लागली. वारा व पावसाने सर्वत्र पोहोचलेल्या जिवाणूचे समूळ उच्चाटन हे उद्दिष्ट महाराष्ट्रानेही धरू नये. रोगाचा साठा वर्षानुवर्षे घटवत नेणे आणि नव्या लागवडीत तो येऊ न देणे हे साध्य होण्याजोगे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी सक्तीपेक्षा गावाची संमती अधिक उपयोगी पडेल.

हॉर्टसॅप प्रकल्पाच्या माध्यमातून फळपिकांवरील किडी-रोगांची निरीक्षणे घेतली जातात आणि त्यात डाळिंबाचा समावेश आहे. ही निरीक्षणे गावनिहाय नकाशावर मांडून ग्रामसभेसमोर ठेवावीत, म्हणजे कोणत्या गटात रोग आहे, कोणती बाग मालकाने सोडून दिली आहे आणि तेथून रोग कोठे पसरण्याची शक्यता आहे हे सर्वांना दिसेल. सोडलेल्या बागांचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे, कारण सांगोला-आटपाडी भागात मर रोग व खोडाला बारीक छिद्रे पाडणारे भुंगेरे यांच्यामुळेही अनेकांनी डाळिंबातून अंग काढून घेतले. अशा बागेतील उभी झाडे काढण्याचा खर्च मालकाला परवडत नाही आणि शेजाऱ्याला तो करता येत नाही. या झाडांच्या उच्छेदनासाठी रोजगार हमीच्या कामांत तरतूद करावी.

पुढील हस्त बहार सप्टेंबरमध्ये सुरू होईल. त्यापूर्वी, जूनपर्यंत, प्रत्येक डाळिंब तालुक्यातील किमान एका गावात बहाराचे एकत्र नियोजन, मातृवृक्षांची तपासणी, छाटणी मजुरांचे प्रशिक्षण आणि पानगळीनंतरची सामूहिक स्वच्छता हे चारही उपाय एकाच वेळी राबवावेत, त्या गावातील फवारण्यांची संख्या व डागाळलेल्या फळांचे प्रमाण शेजारच्या गावांशी तुलना करून नोंदवावे, आणि त्या नोंदी मराठीत, शेतकऱ्यांना वाचता येतील अशा स्वरूपात प्रसिद्ध कराव्यात, अशी विनंती आहे.

कळावे.